मूलद्रव्यांचे अणुभार : एका तक्त्याचा इतिहास

आमच्या विद्यालयाच्या अभ्यासिकेत मूलद्रव्यांचा एक जुना कापडी तक्ता टांगलेला आहे. त्याच्या खालच्या लाकडी पट्टीला वाळवी लागली म्हणून ती केव्हाच काढून टाकली, परंतु अक्षरे अजून ठसठशीत आहेत. हा लेख वाचणाऱ्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्याच तक्त्याखाली बसून पाठांतर केलेले आहे. एका संध्याकाळी विज्ञानाचे शिक्षक प्रशिक्षणासाठी परगावी गेले होते आणि अभ्यासिकेची देखरेख आमच्याकडे आली. नववीतील एक विद्यार्थिनी पुस्तक घेऊन तक्त्यापाशी गेली, परत आली आणि म्हणाली, "सर, पुस्तकात क्लोरीनसमोर ३५.५ लिहिले आहे, तक्त्यावर ३५.४५३ आहे. परीक्षेत कोणते लिहू?" आम्ही म्हणालो, पुस्तकातले लिही. ती जागची हलली नाही. "मग खरे कोणते?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्षणात देता आले. दुसऱ्यासाठी सहकाऱ्यांकडून पुस्तके मागून कित्येक रात्री वाचावी लागली. वाचता वाचता ध्यानात आले, की हा प्रश्न जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. त्या तक्त्यावरील प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी केलेले मोजमाप आहे, कोणीतरी दाखवलेली चूक आहे आणि कधीतरी झालेला करार आहे.

आपल्या घरांसाठी हा प्रश्न किरकोळ नाही. लिहिलेले आहे म्हणून खरे, पूर्वापार चालत आले म्हणून खरे, असे सांगूनच आपल्या पूर्वजांची पायरी ठरवली गेली. तथागतांनी कालामांना दिलेल्या उपदेशाचा आशय असा, की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती पारखून घ्यावी. मग पाठ्यपुस्तकाला आणि भिंतीवरच्या तक्त्याला या पारखण्यातून सूट कशी मिळावी?

एक खुलासा आधीच करतो. पाठ्यपुस्तकात आज 'अणुवस्तुमान' हा शब्द आहे. आमच्या पिढीने 'अणुभार' म्हटले, आणि या लेखात तोच शब्द ठेवला आहे.

अणूची कल्पना आणि अणूचे वजन

पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला आहे, ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने ती मांडली, आपल्याकडे वैशेषिकांनी मांडली, आणि बौद्ध अभिधर्मातही परमाणूची चर्चा आहे. आचार्य वसुबंधूंनी तर 'विंशतिका' या ग्रंथात परमाणुवादावर कठोर आक्षेपही घेतले. यावरून आधुनिक अणुविज्ञान आमच्या पूर्वाचार्यांना आधीच ठाऊक होते, असा दावा करणारी पत्रके अधूनमधून हाती येतात. काही पत्रके आपल्याच बांधवांनी काढलेली असतात. आम्हांला तो मार्ग मान्य नाही. पुराणातल्या विमानांच्या कथांना आपण हसतो. मग तीच रीत आपण उचलण्यात अर्थ नाही. प्राचीनांनी अणूची कल्पना केली, पण अणूचे वजन कोणी केले नाही. ते करण्याचा पहिला प्रयत्न एका शाळामास्तराने केला.

जॉन डाल्टनचा जन्म १७६६ साली उत्तर इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणत. कुटुंब क्वेकर पंथाचे होते, आणि राजमान्य चर्चच्या बाहेरील माणसांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिजची पदवी बंद होती. वयाच्या बाराव्या वर्षी डाल्टन गावातील क्वेकर शाळेत मुलांना शिकवू लागला आणि पुढे मँचेस्टरला शिकवण्या करून त्याने उदरनिर्वाह केला. १८०३ साली त्याने आपल्या वहीत अणूंच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता लिहिला. १८०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तो अधिक विस्ताराने आला. सर्वांत हलका हायड्रोजन. त्याचे वजन १ धरायचे आणि बाकीच्यांचे वजन त्याच्या किती पट ते सांगायचे, अशी ती रीत होती.

अणू डोळ्यांना दिसत नाही, पारड्यात ठेवता येत नाही. मग त्याचे वजन सांगायचे कसे? वर्गात आम्ही हे चिंचोके आणि खड्यांच्या उदाहरणाने सांगतो. एका पोत्यात चिंचोके आणि खडे आहेत. चिंचोक्यांचे एकूण वजन १ किलो, खड्यांचे ८ किलो. प्रत्येक चिंचोक्याबरोबर एक खडा टाकलेला असेल, तर एक खडा एका चिंचोक्याच्या आठ पट जड आहे. परंतु दोन चिंचोक्यांमागे एकच खडा टाकलेला असेल, तर? मग खड्यांची संख्या निम्मी झाली आणि प्रत्येक खडा सोळा पट जड ठरला. एकूण वजने तीच राहिली. बदलली ती केवळ जोडी कशी लावली याविषयीची समजूत.

पाण्याच्या बाबतीत डाल्टनचे नेमके हेच झाले. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे त्याने गृहीत धरले. याला पुरावा नव्हता. सर्वांत साधी जोडी तीच असावी, एवढाच त्याचा तर्क. शिवाय त्याची वजनेही ओबडधोबड होती. म्हणून १८०८ च्या तक्त्यात ऑक्सिजनचा अणुभार ७ असा आहे. आज आपण तो १६ म्हणतो. म्हणजे ज्याला आपण आधुनिक अणुसिद्धांताचा जनक म्हणतो, त्याच्या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा निम्म्याहून कमी होता! तरीही त्याचे श्रेय कमी होत नाही, कारण त्याने आकडा मांडला, आणि आकडा मांडला की तो तपासता येतो. अणू सूक्ष्म आहे एवढेच म्हणून जो थांबला त्याला खोटे पाडायला काही जागाच नसते.

स्वीडनच्या बर्झेलियसने पुढे वर्षानुवर्षे शेकडो संयुगांचे पृथक्करण करून कितीतरी अचूक तक्ते दिले. पण जोडीचा प्रश्न मिटला नाही. १८५० च्या दशकात गोंधळ इतका वाढला, की केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात अॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाची, प्रचलित असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे छापून दाखवली. एक पदार्थ आणि एकोणीस सूत्रे! आमच्या विद्यार्थिनीला दोनच आकडे दिसले होते.

कार्ल्सरूहची परिषद

हा गोंधळ मिटवण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० पासून तीन दिवस जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपभरचे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्रातील ही पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद. इटलीच्या स्तानिस्लाओ कान्निझारो याने तेथे आपले म्हणणे आग्रहाने मांडले. हा माणूस १८४८ च्या सिसिलीतील उठावात सामील झालेला आणि त्यापायी परागंदा व्हावे लागलेला होता. त्याचे म्हणणे नवे नव्हते. त्याच्याच देशातील अॅव्होगाड्रो याने १८११ सालीच सांगितले होते, की समान तापमान व समान दाब असताना कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. हे मान्य केले, की पोते उघडून पाहिल्यासारखेच होते: जोडी कशी लावली आहे ते वायूंच्या आकारमानावरून कळते, पाण्यात दोन हायड्रोजनांमागे एक ऑक्सिजन आहे हे निश्चित होते आणि ऑक्सिजनचा अणुभार १६ ठरतो. जवळजवळ पन्नास वर्षे या विचाराकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते.

परिषदेत निर्णय झाला नाही. असे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, असेच अनेकांचे मत पडले. मात्र निघताना कान्निझारोच्या एका सहकाऱ्याने त्याच्या १८५८ च्या लेखाची पुस्तिका सर्वांना वाटली. ज्यांनी ती घरी नेऊन शांतपणे वाचली, त्यांची खात्री पटली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. सभेतील भाषणांनी जे साधले नाही ते एका छोट्या पुस्तिकेने साधले. आपल्या चळवळीतही व्याख्यानाइतकेच काम पुस्तिकांनी केले आहे, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

त्या परिषदेला सव्वीस वर्षांचा एक रशियन तरुण हजर होता: दिमित्री मेंडेलीव्ह. दहावीच्या मुलांना हे नाव ठाऊक असते. त्याच्या आईचे मात्र ठाऊक नसते. ते मारिया. मेंडेलीव्हचा जन्म १८३४ साली सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. याच्या जन्माच्या वर्षीच त्यांची दृष्टी गेली. आईने काचेचा कारखाना चालवून मोठे कुटुंब पोसले. १८४७ साली वडील वारले आणि पुढच्या वर्षी कारखाना जळाला. तेव्हा ही विधवा बाई धाकट्या मुलाला शिकवायचेच, या निर्धाराने सायबेरियातून निघाली. मॉस्कोच्या विद्यापीठाने मुलाला घेतले नाही. ती आणखी पुढे सेंट पीटर्सबर्गला गेली आणि १८५० साली तेथील शिक्षक घडवणाऱ्या निवासी संस्थेत तिने त्याला दाखल केले. त्याच वर्षी ती वारली. जून महिन्यात आमच्या फाटकाशी पत्र्याची पेटी आणि लेकरू सोडून मागे वळून पाहत जाणाऱ्या आया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रवासाचे मोल सांगण्याची गरज नाही. १८८७ साली मेंडेलीव्हने द्रावणांवरील आपला ग्रंथ आईच्या स्मृतीला अर्पण केला.

कार्ल्सरूहनंतर हाती आलेल्या सुधारित अणुभारांच्या आधारेच मेंडेलीव्हने १८६९ साली तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये चढत्या अणुभारांनुसार मांडली आणि गुणधर्मांची पुनरावृत्ती होते हे दाखवले. जेथे मांडणी जुळेना तेथे त्याने छापील आकड्यावर संशय घेतला. युरेनियमचा अणुभार तेव्हा १२० समजला जाई. त्याने तो दुप्पट, २४०, करावा असे सांगितले. आज तो २३८.०३ आहे. रिकाम्या जागांवर न सापडलेल्या मूलद्रव्यांचे अणुभार त्याने आधीच लिहून ठेवले आणि त्यांच्या नावांसाठी संस्कृतातला 'एक' हा शब्द घेतला. एका-अॅल्युमिनियमचा अणुभार ६८ असेल, असे त्याचे भाकीत होते. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. त्याचा अणुभार ६९.७. शोधणाऱ्याने गॅलियमची घनता ४.७ मोजली, तर मेंडेलीव्हने त्याला कळवले की ती ५.९ च्या जवळ असायला हवी. धातू पुन्हा शुद्ध करून मोजला तेव्हा ५.९ हाच आकडा आला. ज्याने धातू पाहिलाही नव्हता त्याने, ज्याच्या हातात तो होता त्याची चूक दाखवली.

पण याच मेंडेलीव्हची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. टेल्युरियमचा अणुभार सुमारे १२८ आणि आयोडीनचा १२७ येत होता. गुणधर्मांनुसार मात्र टेल्युरियम आधी यायला हवे. त्याने ते आधीच ठेवले आणि टेल्युरियमचे मोजमाप चुकले असणार, असे ठामपणे सांगितले. अनेकांनी पुन्हा पुन्हा मोजले. मोजमाप चुकलेले नव्हते; आजही टेल्युरियम १२७.६० आणि आयोडीन १२६.९० आहे. जागा बरोबर, कारण चूक! खरे कारण १९१३ साली हेन्री मोजली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधले: मूलद्रव्याची जागा अणुभारावर ठरत नाही, अणुअंकावर ठरते. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

अर्ध्याचा घोटाळा

आता मूळ प्रश्नाकडे, क्लोरीनकडे येऊ. १८१५-१६ साली लंडनचे वैद्य विल्यम प्राउट यांनी निनावी लेख लिहून सुचवले, की सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत आहेत. म्हणजे सारी मूलद्रव्ये बहुधा हायड्रोजनचीच घडलेली असावीत. कल्पना सुंदर होती आणि कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६ हे आकडे तिच्या बाजूने साक्ष देत होते. क्लोरीन मात्र कोणी कितीही वेळा मोजले तरी साडेपस्तीसच्या आसपासच येई. बेल्जियमच्या स्तास या रसायनशास्त्रज्ञाने प्राउटची कल्पना खरी ठरेल या आशेने अत्यंत काळजीपूर्वक मोजमापे केली आणि अखेर ती केवळ भ्रम आहे, असा निष्कर्ष स्वतःच जाहीर केला. मनाला आवडणाऱ्या सिद्धांताविरुद्ध आपल्याच हाताने पुरावा देणे ही गोष्ट सोपी नाही.

उलगडा विसाव्या शतकात झाला. १९१३ साली फ्रेडरिक सॉडीने मांडले, की एकाच मूलद्रव्याचे, एकाच गुणधर्माचे, परंतु वेगवेगळ्या वजनाचे अणू असू शकतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. पुढे अॅस्टनने अणू त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे करणारे उपकरण बनवले आणि क्लोरीन दोन प्रकारचे आहे, ३५ चे आणि ३७ चे, हे दाखवून दिले. निसर्गातील दर १०० क्लोरीन अणूंमागे सुमारे ७५.७६ अणू ३४.९६९ वजनाचे आणि २४.२४ अणू ३६.९६६ वजनाचे असतात. त्यांची सरासरी विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावी: पहिल्याचा वाटा २६.४९, दुसऱ्याचा ८.९६, बेरीज ३५.४५. तक्त्यावरचा आकडा हाच.

म्हणजे ३५.४५ वजनाचा क्लोरीनचा एकही अणू या विश्वात नाही. तो आकडा सरासरीचा आहे. देशाचे दरडोई उत्पन्न अमुक आहे असे वर्तमानपत्रात वाचताना आपल्या वस्तीतील माणसाला जे वाटते, ते येथे आठवावे. सरासरी खोटी नसते. परंतु ती कोणाची आणि कशातून काढली, हे विचारावे लागते. हाच प्रश्न शिसे या मूलद्रव्याच्या बाबतीत विचारला गेला आणि तेथून अणुभारांच्या इतिहासाला वेगळे वळण लागले.

शिशाची दोन वजने

सॉडी आणि फायान्स यांच्या सिद्धांताप्रमाणे युरेनियम हळूहळू क्षय पावत शेवटी शिसे होते आणि थोरियमही शेवटी शिसेच होते. परंतु दोन्ही शिशांचे वजन सारखे नसावे: युरेनियमपासूनचे २०६ च्या जवळ, थोरियमपासूनचे २०८ च्या जवळ. नेहमीचे शिसे २०७.२. हे खरे असेल, तर शंभर वर्षांची एक श्रद्धा ढासळणार होती, की मूलद्रव्य जगात कोठूनही आणा, त्याचा अणुभार एकच.

व्हिएन्ना येथे ओटो ह्योनिगश्मिड या प्राध्यापकाने हे तपासायचे ठरवले. त्यांना सूक्ष्म पृथक्करण करणारी व्यक्ती हवी होती. लिझे माइट्नर यांनी स्टेफनी होरोविट्झ या तरुणीचे नाव सुचवले. तिचा जन्म १८८७ साली वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला होता आणि तिने नुकतीच व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट पूर्ण केली होती.

तिचे काम कसे होते ते थोडे सांगतो, कारण 'अचूक' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. योआखिम्स्टाल येथील युरेनियमच्या खनिजातून, म्हणजे ज्या खाणीच्या खनिजातून क्युरी दांपत्याने रेडियम मिळवले त्याच खनिजातून, आधी शिसे वेगळे करायचे. मग ते पुन्हा पुन्हा विरघळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचे. त्याचे शिसे क्लोराइड बनवायचे, ओलाव्याचा अंशही राहू नये म्हणून काळजीपूर्वक वाळवायचे आणि तोलायचे. ते पाण्यात विरघळवून त्यातील सारे क्लोरीन पकडायला नेमकी किती शुद्ध चांदी लागते ते पाहायचे. चांदीचा आणि क्लोरीनचा अणुभार ठाऊक होताच. त्यावरून शिशाचा निघतो. नंतर हेच सारे नेहमीच्या शिशावर त्याच पद्धतीने करायचे, म्हणजे पद्धतीत काही खोट असेल तर ती दोन्हीकडे सारखीच येईल. एवढ्या खटाटोपात हवेतील धूळ, भांड्याचा विरघळलेला कण, हाताची घाई, यांपैकी काहीही निकाल बिघडवू शकत होते.

१९१४ साली निकाल प्रसिद्ध झाला: युरेनियमच्या खनिजातील शिशाचा अणुभार २०६.७३६. नेहमीच्या शिशापेक्षा जवळजवळ अर्ध्याने कमी, आणि मोजमापातील संभाव्य चूक एका शतांशाच्या आत. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या रिचर्ड्स यांनी आणि पॅरिसमध्ये मॉरिस क्युरी यांनी स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. पुढे पूर्व आफ्रिकेतील मोरोगोरो येथील फार शुद्ध खनिजातील शिसे होरोविट्झ आणि ह्योनिगश्मिड यांनी तोलले, तेव्हा ते २०६.०५ च्या आसपास आले. तर थोरियमच्या खनिजातील शिसे इतरत्र २०७.७ च्या वर भरले. एकच मूलद्रव्य, एकच रासायनिक वागणूक, आणि वजन मात्र कोणत्या खाणीतून आले त्यावर अवलंबून. समस्थानिकांचा याहून स्पष्ट पुरावा तेव्हा दुसरा नव्हता.

रिचर्ड्स यांना अणुभारांच्या अचूक मापनासाठी १९१४ चे नोबेल मिळाले, सॉडींना १९२१ चे, अॅस्टनना १९२२ चे. स्टेफनी होरोविट्झ यांचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी रसायनशास्त्र सोडले. १९२० च्या दशकात अॅलिस फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञ मैत्रिणीसह त्यांनी व्हिएन्नात मानसिक अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी व तरुणांसाठी एक निवासी गृह चालवले. १९३७ साली त्या वॉर्साला बहिणीकडे परतल्या. १९४२ साली नाझींनी त्यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत ठार केले. ज्या बाईने शिशाचा कण कोठल्या खाणीतून आला हे विचारल्याशिवाय त्याचे वजन मान्य केले नाही, तिचे मोल तिच्या काळाने केवळ जन्मावरून ठरवले. ज्यांना जन्मावरून तोलले गेले आहे अशा समाजाच्या स्मरणिकेत हे नाव एकदा तरी छापले जावे, असे आम्हांला वाटते.

शिशाची कथा येथे संपत नाही. युरेनियमचे शिसे ठरलेल्या गतीने साचत जाते, म्हणून शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण घड्याळासारखे वापरता येते. १९५६ साली अमेरिकेच्या क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. आयर्लंडच्या एका आर्चबिशपने सतराव्या शतकात बायबलच्या आधारे सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली, असा हिशेब मांडला होता. युगांचे आकडे आपल्याकडेही होतेच. याच कामात पॅटरसन यांना आढळले, की पेट्रोलमधील शिशामुळे सारे वातावरणच दूषित झाले आहे. त्याविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

माप कशाचे धरायचे

ज्यांच्या आजोबांना मजुरी धान्यात मिळे त्यांना ठाऊक असेल, की पायली कोणाच्या घरची, यावर पोटाला किती मिळणार ते ठरे. अणुभारांचेही असेच आहे. डाल्टनने हायड्रोजन १ धरला. पुढे ऑक्सिजन १६ धरण्याची रीत रूढ झाली, कारण ऑक्सिजनची संयुगे पुष्कळ आणि तोलायला सोयीची. १८९९ साली अणुभारांसाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिची परंपरा आजही चालू आहे. पण १९२९ साली ऑक्सिजनचीही १७ आणि १८ ची समस्थानिके सापडली आणि पायलीच दोन झाल्या. रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्र ऑक्सिजनला १६ म्हणत, भौतिकशास्त्रज्ञ केवळ हलक्या समस्थानिकाला १६ म्हणत. फरक दहा हजारांत सुमारे पावणेतीनचा. तीस वर्षे जगात दोन तक्ते चालले. अखेर १९६०-६१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापले माप सोडले आणि कार्बन-१२ या समस्थानिकाचे वस्तुमान १२ धरण्याचे ठरले. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथही चलनाचे मूल्य कशाशी बांधावे याच प्रश्नाशी झुंजतो. मापाचा प्रश्न हा नुसता हिशेबाचा नसतो, हे त्यांनी अर्थशास्त्रात दाखवले आहे.

आज ११८ मूलद्रव्यांपैकी ८४ मूलद्रव्यांना प्रमाण अणुभार दिलेला आहे. उरलेली इतकी किरणोत्सारी आहेत, की निसर्गात त्यांचे ठरावीक मिश्रण सापडत नाही. तक्त्यावर त्यांच्यासमोर कंसात पूर्णांक दिसतो तो केवळ एका समस्थानिकाचा. सोडियम, अॅल्युमिनियम, सोने यांचे निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, म्हणून त्यांचे आकडे फार नेमके आहेत. इतरांचे तसे नाही. २००९ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने धाडसी निर्णय घेतला: हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा दहा मूलद्रव्यांसाठी एकच आकडा देण्याऐवजी खालची आणि वरची मर्यादा द्यायची. आज अशी मूलद्रव्ये चौदा आहेत. क्लोरीनची मर्यादा ३५.४४६ ते ३५.४५७. लिथियमची कथा तर वेगळीच. अण्वस्त्रांसाठी त्यातील हलके समस्थानिक काढून घेतले गेले आणि उरलेले लिथियम बाजारात आले. त्यामुळे प्रयोगशाळेतील बाटलीवरचा अणुभार आणि आतील लिथियमचा अणुभार जुळेनासा झाला. गुप्तता शेवटी बाटलीत उतरते ती अशी.

शिशाची मर्यादा २०२१ साली जाहीर झाली: २०६.१४ ते २०७.९४. होरोविट्झ यांच्या तराजूने जे दाखवले ते अधिकृत तक्त्यात येण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही जे उत्तर दिले ते असे. तक्त्यावरचे ३५.४५३ मर्यादेच्या आत आहे, नेहमीच्या कामाला ३५.४५ पुरते, आणि पुस्तकातले ३५.५ हे गणित सोपे व्हावे म्हणून जवळचा आकडा धरलेले आहे. परीक्षेत तेच लिहायचे. तिने विचारले, "मग शिसे?" जुन्या तक्त्यावर २०७.२ आहे. गेल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी नवा तक्ता रंगवला. त्यात शिशाचा चौकोन इतरांहून रुंद ठेवला आहे, दोन्ही आकडे मावावेत म्हणून, आणि खाली कोपऱ्यात आकडे कोणत्या वर्षीचे आहेत ते पेन्सिलीने लिहिले आहे.